‘लॉयल्टी’ नावाची आगबोट



संयोजकांच्या पत्रात विषय होता ‘उद्योगपती आणि राज्यसत्ता’. मी कळवले की विषय तुमचाच ठेवतो, पण तासाभरात बोलायचे तर माणूस एकच घेतो; आणि सोलापुरात बोलायचे तर तो सोलापूरचाच असावा. शेठ वालचंद हिराचंद दोशी. काल स्टेशनावर उतरलो आणि गंमत म्हणून रिक्षावाल्याला म्हटले, ‘वालचंदला चला.’ त्याने मागे न बघता विचारले, ‘आर्ट्सचं का इंजिनिअरिंगचं?’ ज्या माणसाने बोटी, विमाने आणि मोटारी यांचे कारखाने काढायला घेतले, तो आपल्याच गावात दोन कॉलेजांच्या पाट्यांवर उरला आहे. रिक्षावाल्याचा यात काही दोष नाही. शिकवणारे आम्हीच.

पैसेवाला आणि सत्तेशी ओळख असलेला, असे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र येते. फोन जातो, फाइल हलते, जमीन मिळते, कर्ज माफ होते. आपल्याकडे त्याला ‘वशिला’ हा जुना, खणखणीत शब्द आहे. वालचंदांच्या ओळखी थोड्याथोडक्या नव्हत्या. गांधी, वल्लभभाई, राजेंद्रबाबू, विश्वेश्वरय्या, म्हैसूरचे दिवाण मिर्झा इस्माईल, आणि गोरे अधिकारी तर कितीतरी. तरीही त्यांचा हिशेब मांडायला बसलो की मला एकच प्रश्न पडतो: या ओळखींनी या माणसाला दिले काय, आणि त्याच्याकडून नेले काय?

जन्म २३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर. गुजरातेतून महाराष्ट्रात येऊन स्थिरावलेले दिगंबर जैन घराणे. सावकारी आणि कापसाचा व्यापार. वडील हिराचंद नेमचंद हे नुसते पेढीवाले नव्हते, त्यांनी ‘जैन बोधक’ हे नियतकालिक काढले. मुलगा मुंबईला सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. पदवी काही पदरात पडली नाही. घरच्या व्यापारात बसला, त्यात हात पोळून घेतले. ग. दे. खानोलकरांनी मराठीत त्यांचे मोठे चरित्र लिहिले आहे, ते ज्यांनी वाचले असेल त्यांना हे सगळे ठाऊक आहे, म्हणून मी इथे रेंगाळत नाही.

मी रेंगाळणार आहे ते येडशी-तडवळ्याच्या रस्त्यावर. लक्ष्मणराव बळवंत फाटक नावाचे एक गृहस्थ होते, पूर्वी रेल्वेत कारकून. त्यांना कामाची माहिती होती, भांडवल नव्हते. वालचंदांकडे घरचे भांडवल होते, आणि पेढीवर बसून व्याज मोजण्याचा कंटाळा होता. दोघांनी मिळून बार्शी लाइट रेल्वेचा येडशी ते तडवळे हा साधारण सात मैलांचा तुकडा ठेक्याने घेतला. अडीच फुटी रुळांची छोटी गाडी. तुमच्यापैकी वयस्कर मंडळींनी तिच्यातून लातूरला प्रवास केला असेल. चढ आला की प्रवासी खाली उतरून बरोबर चालतात, असे विनोदही केले असतील.

ठेकेदारी ही धंद्याची फार वेगळी शाळा आहे. सावकाराची शंभर कुळे असतात, एक बुडाले तरी नव्याण्णव उरतात. ठेकेदाराचे गिऱ्हाईक एकच, आणि ते म्हणजे सरकार किंवा सरकारच्या सावलीतली रेल्वे. टेंडर भरा, अनामत ठेवा, मजूर गोळा करा, भराव घाला, मग ओव्हरसियर येणार, फीत लावणार, मेजरमेंट बुकात आकडा लिहिणार. तो आकडा साहेबाच्या सहीपर्यंत पोहोचला तर बिल. मधे पाऊस आला आणि भराव वाहून गेला तर तो तुमचा. गेल्या पिढीत आमच्या घरातही एक छोटे ठेकेदार होते. दिवाळीचे कपडे ‘बिल निघालं की’ घ्यायचे असत, आणि बिल बहुधा संक्रांतीला निघे. त्यामुळे मला हे चांगले समजते: ठेकेदार सरकारवर चिडतो आणि सरकारवाचून जगूही शकत नाही. वालचंदांचा स्वभाव या शाळेत घडला असे मला वाटते. आयुष्यभर त्यांनी सरकारशी भांडण केले, पण पाठ कधीच फिरवली नाही. पुढे बोरघाटातले बोगदे झाले, तानसा तलावाहून मुंबईला पाणी आणणारे नळ झाले, सिंधू आणि इरावतीवरचे पूल झाले. पण बिलाची वाट बघणारा माणूस आतून तोच राहिला.

आता बोट. १९१९चा फेब्रुवारी. दिल्लीहून मुंबईकडे येणाऱ्या गाडीत एका ओळखीच्या इंग्रजाची गाठ पडली आणि बोलता बोलता कळले की ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची एक बोट विक्रीला आहे. ही बोट मूळची कॅनेडियन पॅसिफिकची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’, १८९१ पासून व्हँकुव्हर ते हाँगकाँग फेऱ्या करणारी. महायुद्ध लागले तेव्हा महाराजांनी ती घेतली, जखमी सैनिकांसाठी इस्पितळ-बोट केली आणि नाव ठेवले ‘लॉयल्टी’. राजनिष्ठा. युद्ध संपले, राजनिष्ठेचे कामही संपले.

ज्या गृहस्थांचा धंदा तोवर जमिनीवरच्या ठेकेदारीचा होता, त्यांनी मुंबईला उतरून बोट घ्यायचे ठरवले. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांना बरोबर घेतले. २७ मार्चला सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी नोंदली गेली, साडेचार कोटींच्या भांडवलाची. ५ एप्रिलला ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली आणि वालचंद स्वतः तिच्यावर होते. दुसऱ्या दिवशी, ६ एप्रिलला, रौलेट कायद्याविरुद्ध मुंबईत हरताळ पडला, गांधी चौपाटीवर समुद्रस्नानाला आले. शेठजी तेव्हा अरबी समुद्रात होते, अठ्ठावीस वर्षांच्या जुन्या बोटीवर, राजनिष्ठेच्या नावाखाली साम्राज्याच्या सगळ्यात बलाढ्य धंद्याशी दोन हात करायला निघालेले.

बलाढ्य म्हणजे किती? जमशेटजी टाटांनी १८९३ च्या सुमारास चीन-जपानकडे बोटी सोडल्या, पी. अँड ओ. या विलायती कंपनीने भाडी पाडून त्या बंद पाडल्या. तुतिकोरिनच्या चिदंबरम पिळ्ळैंनी १९०६ साली स्वदेशी कंपनी काढली. ब्रिटिश इंडिया कंपनीने तिकिटे मातीमोलाने दिली आणि दोन वर्षांत पिळ्ळै राजद्रोहाखाली तुरुंगात होते. भाडी पाडणे हे हत्यार सगळ्यांना दिसते. न दिसणारे हत्यार दुसरे होते, आणि मला त्याचे जास्त कौतुक वाटते. शत्रूच्या अकलेचे वाटावे तसे.

समजा तुम्ही मुंबईत तांदळाचे व्यापारी आहात, माल रंगूनहून येतो. बोट कंपनी तुम्हाला सांगते: भाडे पूर्ण भरा, सहा महिने सगळा माल आमच्याच बोटींतून आणलात तर भाड्याचा काही भाग परत देऊ. सहा महिने होतात. तुम्ही पैसे मागायला जाता. साहेब म्हणतात, जरूर देऊ, फक्त अजून काही महिने आमच्याशीच राहा. म्हणजे तुमचे पैसे कायम त्यांच्या तिजोरीत, आणि एक पोते जरी दुसऱ्याच्या बोटीत चढवले तरी ते सगळे गेले. नवी कंपनी येऊन कितीही स्वस्त भाडे सांगो, तुमच्या मनातला मुनीम ताबडतोब वजाबाकी करतो. हिला म्हणत ‘डिफर्ड रिबेट’. म्हणजे इथेही पुन्हा निष्ठाच, फक्त रोख रकमेत मोजलेली.

हे हत्यार चालवणाऱ्यांचे सेनापती होते लॉर्ड इंचकेप, पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया या दोन्ही कंपन्यांचे धनी. १९२२-२३ मध्ये भारत सरकारने आपला खर्च कापण्यासाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष कोण? हेच इंचकेप. त्याच १९२३ साली ते सिंदियाच्या मालकांसमोर वाटाघाटीच्या टेबलापलीकडे बसलेले होते. आधी कंपनी विकत मागितली. ती मिळेना, तेव्हा दहा वर्षांचा करार झाला. सिंदियाने किती टनांची जहाजे ठेवावीत, कुठल्या मार्गाने न्यावीत, याला कुंपण पडले. कंपनी जगली, वाढ खुंटली. वालचंदांना तो करार पुढे सलत राहिला, पण सही करणे त्यांना टाळता आले नाही.

मघाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला इथे मिळते. सत्तेशी संबंध दोन जातींचे असतात. इंचकेप सरकारच्या आत बसलेले होते. त्यांना कुणाची ओळख काढायची गरज नव्हती. वालचंद बाहेरच्या खोलीत, हातात चिठ्ठी घेऊन. दोघांनाही आपण ‘राजकीय संबंध असलेले उद्योगपती’ म्हणतो आणि एका रांगेत बसवतो, हे मला पटत नाही.

बाहेरच्या खोलीतला माणूस मग काय करतो? कायदा मागतो. १९२८ साली साराभाई हाजींनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले की हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरची वाहतूक हिंदी जहाजांसाठी राखून ठेवा. त्यामागे सिंदियाचे बळ होते. विधेयकाचा कायदा झाला नाही. पण बंदरांवरच्या भाड्याचे भांडण त्यामुळे वर्तमानपत्रांत आणि सभांत गेले, हे खरे. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी गेले आणि वालचंद अध्यक्ष झाले. काँग्रेसला त्यांनी पैसा दिला, उघडपणे दिला. १९३२-३३ मध्ये व्यापारी महासंघाचे, म्हणजे फिक्कीचे, अध्यक्षपद आले. नावामागे ‘सर’ कधी लागले नाही.

तरी राजकारणाची नजाकत त्यांच्याकडे नव्हती. १९३६ साली नेहरूंची समाजवादी भाषणे ऐकून मुंबईच्या एकवीस व्यापाऱ्यांनी एक जाहीरनामा काढला. सह्यांमध्ये वालचंद होते. घनश्यामदास बिर्लांनी त्यांना पत्र लिहून कान उपटले. बिर्लांचे म्हणणे थोडक्यात असे, की संपत्ती असलेल्यांनीच उठून समाजवादाला विरोध केला तर त्याला कोण विचारतो. अशा वेळी आपण गप्प राहायचे आणि काँग्रेसमधल्या आपल्या बाजूच्या माणसांना बळ द्यायचे. किती शहाणा सल्ला! बिर्ला पडद्याआडून बोलत, वालचंद चौकात. १९४४ मध्ये देशाच्या अर्थरचनेची ती प्रसिद्ध ‘मुंबई योजना’ निघाली. तिच्यावर टाटा, बिर्ला, पुरुषोत्तमदास, कस्तुरभाई, श्रीराम यांच्या सह्या आहेत. वालचंदांची नाही.

विमानाची गोष्ट पुन्हा प्रवासातच सुरू होते. १९३९ च्या शरदात मोटारीच्या कारखान्याच्या बोलण्यांसाठी ते अमेरिकेला गेले होते. पॅसिफिक ओलांडणाऱ्या विमानात विल्यम पॉली नावाचा अमेरिकन भेटला. चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवणारा. उतरेपर्यंत वालचंदांच्या डोक्यात बेत तयार. आगगाडीतल्या गप्पांतून बोट, विमानातल्या गप्पांतून विमान. माझ्या टिपणवहीच्या समासात मी लिहून ठेवले आहे: ‘यांना फळले ते सहप्रवासी, दिवाणखान्यातले कमी फळले.’ थोडी अतिशयोक्ती आहे. मिर्झा इस्माईल हा अपवाद. म्हैसूर दरबाराने बंगळुरात जागा दिली, पंचवीस लाख घातले. वालचंद, तुळशीदास किलाचंद आणि धरमसी खटाव यांनी पंचवीस लाख घातले. २३ डिसेंबर १९४० ला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी नोंदली गेली. मग भारत सरकारही पंचवीस लाख घेऊन तिसरे भागीदार झाले. १९४१ च्या ऑगस्टात हार्लो जातीचे शिकाऊ विमान आकाशात गेले. आठ महिन्यांत! येडशीचा भराव याहून सावकाश झाला असेल.

आणि एप्रिल १९४२ मध्ये, जपानी सैन्य रंगूनपर्यंत आलेले असताना, सरकारने वालचंदांच्या गटाला पैसे देऊन कारखान्यातून मोकळे केले. तीच आजची एच. ए. एल.

त्याच एप्रिलच्या ६ तारखेला विशाखापट्टणमवर जपानी बॉम्ब पडले. तिथे सिंदियाची जहाजबांधणीची गोदी उभी राहत होती. मूळ बेत कलकत्त्याचा, पण तिथल्या बंदर-अधिकाऱ्यांशी जमले नाही. २१ जून १९४१ ला कोनशिला बसवली ती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते. युद्ध चालू, काँग्रेसची मंत्रिमंडळे राजीनामा देऊन बाहेर, वैयक्तिक सत्याग्रहात माणसे तुरुंगात जात आहेत, आणि हे गृहस्थ ज्या सरकारकडे पोलाद आणि यंत्रांचे परवाने मागत आहेत, त्याच्या गव्हर्नराला न बोलावता काँग्रेसच्या पुढाऱ्याला बोलावतात. मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो अशा ठिकाणी. धंद्याचे शहाणपण म्हणाल तर ते यात औषधालाही नाही.

मोटारीचे तेच. विश्वेश्वरय्यांची योजना होती, बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारची सहानुभूती होती. ते सरकार गेले. दिल्लीने सांगितले की मोटार ही युद्धाची गरज नाही. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स निघाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्यातून क्रायस्लरच्या गाड्या जुळून बाहेर पडू लागल्या. पुढची फियाट आणि पद्मिनी तुम्हाला सांगायला नको. स्टिअरिंगच्या दांड्याला असलेला गिअर, तो खाली ओढताना टॅक्सीवाल्याचा खांदा ज्या तऱ्हेने झुकायचा ती तऱ्हा, पावसात आतून रुमालाने पुसायची काच. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली. पण ती वालचंदांच्या पाहण्यातली गाडी नव्हे. किती गाड्या काढायच्या, याचा परवाना पुढे अनेक वर्षे दिल्लीतून येत असे, तेव्हा ते हयात नव्हते.

आता एक गोष्ट मी टाळणार नाही, कारण गौरवग्रंथांत ती पानाच्या तळाला असते. साखर. नाशिक जिल्ह्यात रावळगाव, इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर वालचंदनगर. १९३०च्या दशकात कारखाने उभे राहिले, ओसाड जमिनीवर ऊस आला, शाळा, वसाहत, रस्ते झाले. पुढे वालचंदनगरच्या यंत्रशाळेने अवकाश कार्यक्रमासाठी रॉकेटची आवरणे केली, हा तर वेगळाच अध्याय. पण ऊस ज्या जमिनीवर आला, तिच्यातला मोठा भाग शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेला होता. जमीन नावावर आणि नांगर कारखान्याचा. कमाल जमीनधारणेचा कायदा आला, साखर कारखान्यांचे मळे सरकारने काढून घेतले आणि १९६३ मध्ये शेती महामंडळ स्थापले. मूळ मालक, ज्यांना आपण ‘खंडकरी’ म्हणतो, ते हातात जुने उतारे घेऊन त्यानंतर अर्धशतक मोर्चे काढत राहिले. इंदापूरच्या एका घरात मी असा उतारा पाहिला आहे. घड्यांच्या रेषांवर तो चार तुकड्यांत फाटलेला, मागून पिठाची खळ लावून चिकटवलेला. त्या घरात वालचंदशेठांचे नाव निघाले तर गप्पांचा सूर या सभागृहातल्यासारखा नसतो.

म्हणजे बघा: विमान सरकारकडे गेले. मळे सरकारकडे गेले. जहाजाचे काय झाले?

१४ मार्च १९४८. विशाखापट्टणम. आठ हजार टनांची ‘जलउषा’ पाण्यात सोडायला पंतप्रधान नेहरू आले, ज्यांच्या समाजवादाविरुद्ध बारा वर्षांपूर्वी जाहीरनाम्यावर सही केली होती तेच. स्वतंत्र देशात बांधलेले पहिले मोठे जहाज. ठेकेदाराच्या आयुष्यात एखाद्या वेळी सगळी बिले एकाच दिवशी निघावीत, तसा तो दिवस गेला असेल. पण जहाज बांधायला विलायतेपेक्षा जास्त खर्च येत होता, फरक कोण भरणार हा प्रश्न होता, आणि स्वतःचे सरकार आले तरी ठेकेदार पुन्हा बाहेरच्या खोलीतच बसलेला होता. पुढच्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडले. १९५२ मध्ये गोदी हिंदुस्तान शिपयार्ड झाली, दोन तृतीयांश सरकारची. काही वर्षांनी सगळीच. आपल्या समाजात मूल दत्तक देतात तेव्हा देणाऱ्याच्या हातावर पाणी सोडतात. इथे पाणी सोडले गेले, पण देणाऱ्याला विचारून सोडले असे म्हणता येत नाही.

पत्नी कस्तुरबाईंनी अखेरपर्यंत त्यांची सेवा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूरला ते गेले. दोन वर्षांनी सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला त्यांचे नाव मिळाले. बॅलार्ड इस्टेटमधल्या सिंदिया हाउसमध्ये आता आयकर खात्याची कचेरी आहे. रावळगावच्या गोळ्यांची नावे २०२४ मध्ये रिलायन्सने सत्तावीस कोटींना घेतली.

सिंदियाची बोट आता कुठल्याच समुद्रावर नाही. ‘लॉयल्टी’ तर १९२३ मध्येच भंगारात निघाली, इंचकेपशी करार झाला त्याच वर्षी. पण १९६४ पासून भारत सरकार ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळते. जहाजखात्याचे मंत्री किंवा सचिव पंतप्रधानांकडे जातात आणि त्यांच्या छातीवर टाचणीने एक छोटासा झेंडा लावतात. मघाशी सांगितली तीच ही तारीख.